पाचव्या बॅटरीतलं पाणी

अण्णा,

तेराव्याला आलेल्या प्रत्येकाने मला एकच विचारलं. शेवटी काय म्हणाले? काशीत मेलेल्या माणसाचे शेवटचे शब्द साऱ्या गल्लीच्या मालकीचे असतात, हे तुम्हाला ठाऊक होतं. मी सगळ्यांना सांगितलं, रामनाम घेतलं. शेजारच्या पाठककाकूंनी डोळे पुसले. समोरचे शुक्लाजी म्हणाले, "तर गए मास्टर साहब," म्हणजे तरून गेलात. तुम्ही रामनाम घेतलं नव्हतं. उशीवर मान वळवून, छातीतली घरघर आवरत तुम्ही मला विचारलं होतंत, "पाचवीचं रीडिंग घेतलंस का?"

मी म्हटलं, "घेतलं."

"किती?"

मी सांगायच्या आत तुम्ही गेलात. खरं सांगणार होते की खोटं, ते मलाही माहीत नाही.

तुम्ही देवमाणूस होतात, असं लोक म्हणतात आणि मी मान हलवते. आई होती तोवर तिच्या औषधाची वेळ तुम्ही चुकवायचात आणि मीटरची कधी चुकवली नाहीत, हे त्यांना कुठं माहीत? पॉलिटेक्निकमध्ये तीस वर्षं तुम्ही पोरांना वीज शिकवलीत आणि घरी आम्हाला धाक. श्रीधर पुण्याला पळाला तो त्यामुळेच. पाठचा भाऊ सुटला, मी राहिले. गणित शिकवणारी, चौतिशीतली, बिनलग्नाची मुलगी. तुम्ही पाहुण्यांना माझी ओळख करून द्यायचात, "ही कुमुद. हिचा हात स्थिर आहे." एवढंच. जणू मला बाकी काही अवयव नव्हते.

तुमचा हात मात्र निवृत्तीनंतर दोनच वर्षांत कापायला लागला. चहाचा कप बशीत वाजायचा. आणि नेमकं त्याच वर्षी तुम्ही ती गाडी आणलीत. भंगारात निघालेली, काळी, दारं दोरीने बांधलेली. तिचं पेट्रोलचं इंजिन तुम्ही जागेवर ठेवलंत आणि मागच्या चाकांकडे जाणाऱ्या दांड्याला बंद पडलेल्या गिरणीतल्या मालगाड्याची विजेवरची मोटर जोडून घेतलीत. मागची सीट काढून तिथं सहा बॅटऱ्या. गावाबाहेर पेट्रोलवर, गोदौलियाच्या गर्दीत बॅटरीवर, धूर नाही, आवाज नाही. "जपानमध्ये लोक याच्यावर डोकं फोडतायत," तुम्ही म्हणायचात, "आणि इथं मी करून दाखवतो." मैदागिनच्या लाकडाच्या वखारीत ती उभी असायची, कारण आपल्या गल्लीत सायकलसुद्धा खांद्यावर घ्यावी लागते. वखारीतल्या लोकांनी तिचं नाव ठेवलं अर्धनारीश्वर. तुम्हाला राग आला होता. मला ते नाव आवडलं होतं, पण मी हसले नाही.

एक सकाळ मात्र मी तुमच्या नावावर लिहीन. गेल्या वर्षीच्या थंडीतली. ती गाडी पहिल्यांदा बॅटरीवर चालली तेव्हा चाक माझ्या हातात होतं. वखारीतून निघून आपण लहुराबीरपर्यंत गेलो आणि गाडीतून फक्त टायरचा आवाज येत होता. मागून येणारी गाडी ऐकूच आली नाही म्हणून एक गाय दचकली. तुम्ही लहान मुलासारखे हसलात. येताना चौकात मलइयो घेतलं. तो दुधाचा फेस चमच्याने खाताना तुमच्या हाताने सगळा सदऱ्यावर सांडला असता, म्हणून मी तुम्हाला भरवलं. तुम्ही तोंड उघडत राहिलात. मला वाटलं, आता हे काहीतरी चांगलं बोलतील. तुम्ही म्हणालात, "वळणावर ब्रेक उशिरा दाबलास." तरीही ती सकाळ माझी आहे. ती मी कुणाला देणार नाही.

पावसाळ्यानंतर पाचवी बॅटरी बसली. सहा बॅटऱ्या एकामागून एक जोडलेल्या, त्यामुळे एक आजारी पडली की बाकीच्या पाचही ओढल्या जातात. मलदहियाचे बॅटरीवाले इद्रिस मियाँ म्हणाले, "मेरे यहाँ छोड़ जाइए, मास्टर साहब." तुम्ही नाही म्हणालात. तुम्हाला ती घरी दुरुस्त करायची होती. पॉलिटेक्निकच्या जुन्या मास्तरांचा मेळावा दिवाळीआधी होता आणि ज्यांनी तुमच्या गाडीची टर उडवली होती, त्या सगळ्यांसमोर तुम्हाला तिच्यातून उतरायचं होतं. दुसऱ्याच्या हातची दुरुस्ती घेऊन उतरलात तर काय अर्थ?

दोघा हमालांनी बांबूला लटकवून ती बॅटरी गल्लीतून आणली आणि आपल्या गच्चीवर ठेवली. पुढचे आठ दिवस तुम्ही खुर्चीत बसलात आणि मी जमिनीवर. वरचं डांबर तापवलेल्या सुरीने मी कापलं. शिशाची पट्टी करवतीने मी तोडली. तिसऱ्या घरातल्या प्लेटांचा जुडगा मी पकडीने उपसून काढला. त्यांच्यामधले पडदे कुजून प्लेटा एकमेकींना चिकटल्या होत्या. नवे पडदे घातले, शिसं वितळवून सांधा दिला. माझ्या निळ्या साडीला तेजाबाने चाळणीसारखी भोकं पडली. मनगटावरचा डाग अजून आहे.

"हात कापतोय तुझा," तुम्ही ओरडलात.

"भाजलं, अण्णा."

"कापायचा हक्क माझा आहे. तू नीट धर."

सांधा सुबक झाला होता. इद्रिस मियाँनाही तसा जमला नसता. नवं तेजाब भरून चार्जिंगला लावली आणि दुसऱ्या दिवशी काचेच्या नळीतला तो तरंगणारा काटा बाराशे सत्तरवर उभा राहिला. म्हणजे भरलेली, धडधाकट. मी नळी तुमच्या डोळ्यांसमोर धरली. तुम्ही बराच वेळ बघितलंत आणि म्हणालात, "श्रीधर असता तर अर्ध्या वेळात झालं असतं."

हेही मी गिळलं असतं. चौतीस वर्षं गिळतच होते. पण त्याच संध्याकाळी, मी बॅटरीचे तारा जोडायचे खांब खरवडत असताना, तुम्ही हवापाण्याबद्दल बोलावं तसं म्हणालात, "ते देवासच्या शाळेचं पत्र आलं होतं."

त्या शाळेत मी उन्हाळ्यात अर्ज केला होता. मुलींची शाळा, राहायला खोली, वरच्या वर्गांचं गणित. तुम्हाला सांगितलं तेव्हा तुम्ही फक्त "हं" म्हणाला होतात.

"केव्हा आलं?"

"मागच्या सोमवारी. मी कळवून टाकलं. प्रकृतीच्या कारणाने येऊ शकत नाही म्हणून."

"कुणाच्या प्रकृतीच्या?"

"तुझ्या. खोकतेस ना तू."

"तेजाबाच्या वाफेने खोकते मी, अण्णा."

"तेच तर," तुम्ही म्हणालात आणि हसलात. तुम्हाला ते खरंच विनोदी वाटलं होतं. मग म्हणालात, "गाडी व्हायची आहे अजून. तू गेलीस तर माझे हात कोण?"

मी खाली गेले. स्वयंपाक केला. तुम्हाला वाढलं. तुमच्या भाकरीचे तुकडे करून दिले, कारण तुम्हाला ते जमत नव्हतं.

आता जे लिहिते ते तुम्ही जिवंत असताना सांगायचं होतं.

बॅटरी चार्ज होताना तिच्यातलं पाणी उडतं आणि वरून शुद्ध पाणी घालावं लागतं. दुकानातून आणलेलं, बाटलीतलं. "एक थेंबही दुसरं पाणी नाही," मी आठ वर्षांची असताना तुम्ही मला शिकवलं होतंत, "लोहाचं पाणी पडलं की बॅटरी आतल्या आत स्वतःला खाते." दुसऱ्या दिवशी सकाळी मी ती बाटली मोरीत ओतली आणि गल्लीच्या हँडपंपावर जाऊन भरून आणली. आपल्या हँडपंपाचं पाणी तुम्हाला माहीत आहे, बादलीला तांबडी कड धरते. ते मी पाचव्या बॅटरीच्या सहाही घरांत घातलं. पहिल्या दिवशी रागाने घातलं. दोन दिवसांनी पुन्हा घातलं, तेव्हा राग नव्हता. तीन आठवडे घालत राहिले. तुमच्या समोर, तुम्ही खुर्चीत बसून बघत असताना.

रीडिंगही मीच घ्यायची. नळी तुमच्या हातात ठरत नसे आणि बारीक आकडे दिसत नसत. काटा बाराशेच्या खाली घसरला तरी मी सांगत राहिले, "बाराशे साठ." तुम्ही माझा आकडा वहीत तुमच्या वेड्यावाकड्या अक्षरात लिहीत होतात. माझ्यावर तुम्ही एवढ्याच एका गोष्टीत विश्वास टाकला होता आणि मी नेमकी तीच निवडली.

मेळाव्याच्या आदल्या दिवशी बॅटरी पुन्हा गाडीत बसवली. मेळाव्याच्या दिवशी तुम्ही काळा कोट घातलात. चाक माझ्या हातात, तुम्ही बाजूला. मैदागिनहून कबीरचौऱ्यापर्यंत गाडी ठीक आली. लहुराबीरच्या चौकात, ऐन अकरा वाजता, चारी बाजूंनी रिक्षा, आणि मधोमध ती थांबली. आवाज न करता चालणारी गाडी थांबतेही आवाज न करता. मागे भोंगे सुरू झाले.

"अण्णा, पेट्रोलवर घेऊ या," मी म्हटलं.

"नाही."

"लोक थांबलेत."

"बॅटरीवरच जाईल. रीडिंग बाराशे साठ आहे."

तुम्ही खाली उतरलात, मागचं दार उघडलंत आणि कोट घालून बॅटऱ्यांवर वाकलात. हात इतका कापत होता की तार खांबाला लागेना, ठिणग्या उडत होत्या. गर्दी जमली. कुणीतरी ओरडलं, "अरे गुरु, गंगाजल डाल के देखिए!" सगळा चौक हसला. मी चाकावर हात ठेवून समोर बघत होते. अण्णा, मलाही हसू आलं होतं. तुम्हाला ते दिसलं नसावं, अशी आशा मी आजपर्यंत करत आले.

शेवटी सात-आठ जणांनी ढकलत ती वखारीत नेली. तुम्ही मागून चालत होतात, कुणीतरी तुमची काठी धरली होती. मेळाव्यातले तुमचे दोन जुने सहकारी रिक्षातून तिथूनच जात होते. त्यांनी रिक्षा थांबवली नाही, तेवढी दया केली.

त्यानंतर तुम्ही कुणावर ओरडला नाहीत. हे मला सगळ्यात जड गेलं. गच्चीवर बसून वहीची पानं उलटायचात आणि म्हणायचात, "माझंच चुकलं कुठंतरी. डोकं चालेनासं झालं, कुमुद." मी तुमच्या शेजारी वाटाणे सोलत असायची. दोन शब्द बोलले असते तर तुमचं डोकं तुम्हाला परत मिळालं असतं. मी वाटाणे सोलत राहिले. देवासच्या खोलीला खिडकी असेल का, याचा विचार करत राहिले.

मग काही दिवसांनी तुम्ही पाचवी बॅटरी पुन्हा घरी आणवलीत आणि रोज सकाळी रीडिंग मागायला लागलात. आता मी खरं सांगत होते. अकराशे ऐंशी. अकराशे सत्तर. अकराशे साठ. तुम्ही लिहून घेत होतात. दुरुस्त करू या, असं एकदाही म्हणाला नाहीत. मला वाटलं, म्हातारपणाचा छंद. पौषात तुमच्या छातीत कफ भरला आणि नऊ दिवसांत सगळं संपलं.

श्रीधर आला. त्याने अग्नी दिला, दहावा-तेरावा केला, मला म्हणाला, "ताई, ते भंगार काढून टाक," आणि चौदाव्या दिवशी पुण्याला गेला. आज सकाळी मी इद्रिस मियाँना बोलावलं. वखारीतल्या पाच त्यांनी आधीच नेल्या होत्या, गच्चीवरची राहिली होती. त्यांनी टोपण उघडलं, बोटाला थेंब लावून उन्हात धरला. तेजाब पिवळट होतं.

"वही है," ते म्हणाले.

"क्या वही है?"

इद्रिस मियाँ संकोचले. मग टोपण लावत म्हणाले, "मास्टर साहब दीवाली के बाद आए थे मेरे पास. शीशी में इसी का तेज़ाब लेकर. मैंने देखते ही कह दिया, इसमें नल का पानी पड़ा है. बोले, मालूम है."

तुम्ही एकटे गेला होतात. त्या कापत्या हाताने स्वतः तेजाब काढून. तुमच्या शालीला भोकं पडलेली मी पाहिली होती आणि कसर लागली समजून रफू करून दिली होती.

"मैंने कहा, धो देता हूँ, दो दिन का काम है. बोले, नहीं. जिसने डाला है, वही निकालेगी."

मी गच्चीच्या कठड्यापाशी गेले. खाली पंचगंगा घाटाच्या पायऱ्यांवर कुणीतरी कपडे आपटत होतं. इद्रिस मियाँनी बॅटरी हमालांच्या बांबूला बांधली आणि गेले.

तेव्हापासून मी हिशेब लावतेय, अण्णा. तुम्हाला माहीत होतं. म्हणजे तुमचं डोकं शाबूत होतं आणि ते तुम्हाला कळलंही होतं, एवढं एक ओझं माझ्यावरून उतरायला हवं. पण मग ती रोजची सकाळ काय होती? मी बोलावं म्हणून तुम्ही रोज एक दार उघडून ठेवत होतात? की मी रोज त्या नळीत वाकून माझंच पाप वाचावं, अंक मोठ्याने म्हणावा आणि तुम्ही तो लिहून घ्यावा, ही शिक्षा होती? मी तुम्हाला ओळखते. ती शिक्षाच होती. आणि तरी, रागावून एकदा ओरडला असतात, थोबाडीत मारली असतीत, तर मी सगळं ओकून टाकलं असतं, हे तुम्हालाही माहीत असणार. तुम्ही ते केलं नाहीत. आपण दोघं दोन महिने एका गच्चीवर बसून एकमेकांना मारत होतो, आणि मधे वाटाणे, चहा, तुमचं औषध, सगळं वेळेवर.

क्षमा मी मागणार नाही. ते पत्र तुम्ही लिहायला नको होतं. पण एक सांगते. त्या आठ दिवसांत मी जो सांधा दिला होता, तो उत्तम होता, आणि तुम्हाला ते समजलं होतं. तुम्ही नळीकडे फार वेळ बघत होतात. माझ्या हातचं काम एवढं निरखून आयुष्यात दुसऱ्या कुणी पाहिलं नाही. तुम्ही मला वीज शिकवलीत, गाडी शिकवलीत, आणि कुठं घाव घातला की माणूस उठत नाही, तेही शिकवलंत.

दुपारी मला हे सगळं पोटात ठेववेना. मी कोपऱ्यावरच्या एसटीडी बूथवर गेले आणि श्रीधरच्या ऑफिसात फोन लावला. उभ्या उभ्या सगळं सांगितलं. पत्र, हँडपंप, खोटी रीडिंगं, चौक, इद्रिस मियाँ. पलीकडे श्रीधर हसला. माझी समजूत काढायला हसला, वाईट नाही तो.

"ताई, अगं बॅटरीच होती ना," तो म्हणाला. "एवढं काय मनाला लावून घेतेस?"

आणि अण्णा, मला त्याचा असा संताप आला की मी रिसीव्हर आपटला. तुमच्या बाजूने आला संताप. ती नुसती बॅटरी नव्हती, हे ज्याला कळत होतं, तो जगात एकच माणूस होता, आणि त्याच्याशी मी दोन महिने आकड्यांखेरीज काही बोलले नव्हते. मी त्या काचेच्या पेटीत उभी राहून रडायला लागले. घाटावर रडले नव्हते, तेराव्याला रडले नव्हते. आता थांबेना.

बूथवाल्याने दार ढकलून आत डोकं घातलं. मला तो ओळखत नाही, नवीन आहे.

"का हुआ दीदी?" तो म्हणाला. "कोई गुज़र गया क्या?"

मी म्हटलं, "हाँ. मेरे पिताजी."